तीनदा कळवलं

ल्यों शहरातल्या एका सभागृहात बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी घरच्या वॉटर हीटरचा विचार करतेय. तोंड चालू होतं, हात ठरलेल्या वाक्यांना वर जात होते, मागच्या पडद्यावरची चित्रं बदलत होती, समोर तीनेकशे माणसं ऐकत बसली होती. आणि डोक्यात एवढंच, की तिकडे चँडलरच्या घरी प्लंबर येऊन गेला असेल का, आणि नवऱ्यानं गॅरेजमधली खोकी बाजूला केली असतील का. भाषण संपलं. टाळ्या झाल्या. एक शब्दसुद्धा चुकला नव्हता. मी स्टेजवरून उतरले आणि कॉफीच्या रांगेत उभी राहिले. कुणीतरी येऊन म्हणालं, ‘किती मनापासून बोलता तुम्ही.’ मी थँक्यू म्हणाले.

सात वर्षं मी हे भाषणांचं काम केलं. आमची कंपनी मोठ्या कारखान्यांना पंप विकते आणि ते सांभाळूनही देते. मी तिथे इंजिनियर म्हणून लागले. नागपूरहून पुणे, पुण्याहून व्हिसावर अमेरिकेत फीनिक्स, तिथून जवळचंच चँडलर, असा माझ्यासारख्या शेकडो जणींचा असतो तोच प्रवास. पुढे आम्ही पंपाचा आवाज ऐकून तो कधी बिघडणार हे आधी सांगणारं एक सॉफ्टवेअर काढलं, ते चाललं, आणि युरोपातल्या औषधांच्या, कागदाच्या, बिअरच्या कारखान्यांना ते विकायचं ठरलं. विकायला नुसती माहिती पुरत नाही, गोष्ट लागते, असं मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं. गोष्ट माझ्याकडे होती. म्हणून मला पाठवलं. सुरुवातीला वर्षातून दोनदा, मग दर महिन्याला, आणि शेवटी शेवटी तर मी इंजिनियर उरलेच नव्हते. माझ्या कार्डावर ‘इनोव्हेशन’ हा शब्द आला आणि माझ्या टेबलावरचे सगळे पंप दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर गेले.

गोष्ट अशी होती. चँडलरच्या एका कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीच्या तळघरात आमचे पंप बसवलेले होते. वरच्या मजल्यावर पांढरे अंगरखे घातलेली माणसं, सगळं शांत, स्वच्छ; आणि खाली पंपांची रांगच्या रांग, कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहता येणार नाही असा आवाज. तिथे आमचा एक टेक्निशियन होता, साठीच्या पुढचा. इचलकरंजीचा माणूस. तरुणपणी यंत्रमागांच्या दुरुस्तीचं काम केलेला, मेकॅनिकलचा डिप्लोमा, बहिणीच्या मागोमाग अमेरिकेत आलेला. त्या तळघरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी त्यांना काका म्हणायचे. काका एका कानातला बोळा काढून पंपाशी वाकून उभे राहायचे. ते नियमात बसत नव्हतं, सेफ्टीवाल्यांनी त्यांना दोनदा पकडलं होतं. पण माग ऐकायची सवय असलेल्या माणसाला ते सुटत नव्हतं. आणि जे ऐकलं ते ते एका वहीत लिहून ठेवायचे, मराठीत. ‘सात नंबर: आज घोगरा.’ ‘अकरा: नाक चोंदल्यासारखा.’ ‘तीन: दात खातोय.’ ‘चौदा: दम लागतोय.’

भाषणात मी सांगायचे, की एक दिवस हे काका माझ्याकडे वही घेऊन आले आणि म्हणाले, ऐक. आणि मी ऐकलं. त्या वहीतल्या शब्दांवरून आम्ही आवाजांचे गट पाडले, माइक बसवले, मशीनला शिकवलं. आणि मग मी स्टेजवर ते आवाज काढून दाखवायचे. घोगरा पंप, नाक चोंदलेला पंप, दात खाणारा पंप. सूट घातलेली तीनशे माणसं खळखळून हसायची. मग एक श्वास थांबून मी म्हणायचे, इनोव्हेशन म्हणजे नवीन काही करणं नव्हे, आधीपासून कुणीतरी ऐकत होतं त्याचं ऐकणं. इथे टाळ्या पडायच्या. कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत, इथेच.

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. काका माझ्याकडे आले होते हे खरं. पण ते एकदा आले नव्हते, तीनदा आले होते. पहिल्यांदा मी मीटिंगला निघाले होते, म्हणाले, ‘काका, नंतर बोलू.’ दुसऱ्यांदा मी स्क्रीनवरून मानही वर केली नाही. तिसऱ्यांदा मी त्यांना म्हणाले, ‘काका, अशा सूचनांसाठी एक फॉर्म आहे, तो भरा ना प्लीज.’ त्यानंतर चारपाच दिवसांनी चौदा नंबरचा पंप सकाळी सकाळी बंद पडला. वरच्या मशीनमध्ये होता तेवढा सगळा माल खराब झाला. फॅक्टरीवाल्यांनी आमच्या साहेबांना बोलावून घेतलं, साहेबांनी मला. तेव्हा मी धावत खाली गेले आणि काकांकडे वही मागितली. चौदा नंबरच्या पानावर त्यांनी लिहिलेलं होतं, ‘दम लागतोय. कळवलं.’ खाली दुसऱ्या तारखेला, ‘दम वाढला. कळवलं.’ आणि त्याखाली, ‘आज फार. कळवलं.’ काका बाजूला उभे होते. पान उलटायला त्यांनी फक्त बोटानं मदत केली.

पहिल्या एकदोन भाषणांत मी हे सगळं सांगितलं होतं, हे मला आठवतं. मग कंपनीनं मला एक शिकवणारी बाई लावून दिली, स्टेजवर कसं उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे. तिनं माझी गोष्ट ऐकली आणि फार प्रेमानं म्हणाली, ‘तिसरी भेट काढून टाका. लोकांना तुम्ही आवडायला हव्यात.’ मी तिसरी भेट काढली. मग दुसरी आपोआप गेली, कारण दोन भेटी म्हणजे ना धड एक, ना धड तीन. बंद पडलेला पंप कंपनीच्या वकिलांनी काढायला लावला. घोरणारा पंप म्युनिकमध्ये आला. मला त्या दिवशी सर्दी होती, नाकातून कसलासा आवाज निघाला, लोक हसले, म्हणून तो पुढच्या भाषणात राहिला. दोनतीन वर्षांनी तर मला स्वतःलाच चित्र दिसायला लागलं, काका दारात उभे आहेत, हातात वही आहे, आणि मी खुर्ची ओढून म्हणतेय, बसा काका. खुर्ची मी कधीच ओढली नव्हती.

फिरण्याचं म्हणाल तर ते आता सगळं एकात एक मिसळून गेलंय. फीनिक्सहून निघायचं, मध्ये कुठेतरी विमान बदलायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं. हॉटेलची खोली तयार नसायची. बॅगा ठेवून लॉबीत बसायचं, डोळे मिटू द्यायचे नाहीत. संध्याकाळी वक्त्यांचं जेवण, त्यात मी शाकाहारी म्हणून माझ्यापुढे चीज. सकाळी गळ्यात बॅज, कॉलरला माइक, हातात चित्रं पुढे सरकवायचं बटण. बर्लिन, मिलान, व्हिएन्ना, कोपनहेगन, आणि सगळीकडे तीच निळी रोषणाई, तीच पुढच्या रांगेतली पांढरी खुर्ची. शहरं मी टॅक्सीच्या काचेतून बघितली. मुलगी फोन करायची, ती तेव्हा कॉलेजात होती, तिचं मराठी तोवर इंग्लिशमध्ये विरघळलेलं. ती विचारायची, ‘आई, व्हेअर आर यू नाऊ?’ आणि मला टेबलावरचा हॉटेलचा कागद बघून सांगावं लागायचं. नवरा काही विचारत नसे. त्यानं फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, त्यावर मी कधी घरी आहे तेवढंच लिहिलेलं. नसण्याचे दिवस लिहायला जागा पुरत नाही, असं तो एकदा सहज म्हणाला. टोमणा नव्हता तो.

ल्योंहून परतले त्याच्या पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला, म्हणजे काकांच्या बायकोचा. काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीच्या कार्यक्रमात कधी भेट व्हायची तेवढीच, आणि गेली दोनतीन वर्षं मी दिवाळीला इथे नव्हतेच.

‘अगं, आहेस का इथे?’ काकू म्हणाल्या. ‘ह्यांना तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नको म्हणतात, फोनवर ऐकू येत नाही त्यांना.’

‘काय झालं काकू? बरे आहेत ना?’

‘बरे आहेत. मुलगा येऊन गेला, त्यानं तुझं भाषण लावून दिलंय टीव्हीवर. तेव्हापासून तुला बोलाव म्हणतायत.’

त्यांचा मुलगा लांब, दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला असतो. भाषणाचा व्हिडिओ कंपनीनंच इंटरनेटवर टाकलेला होता, त्याला कधीतरी सापडला असणार. मी फोन ठेवला आणि बराच वेळ किचनमध्ये उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हणाले, ‘काही नाही, काकांकडे जाऊन यायचंय.’ तो म्हणाला, ‘मी ड्राइव्ह करू का? तू झोपलेली नाहीयेस.’ मी नको म्हणाले. काकांसमोर मला एकटीलाच बसायचं होतं.

शनिवारी सकाळी गेले. काका हॉलमध्ये टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले होते. वाळलेले, पण ताठ. कानामागे ऐकायचं मशीन नव्हतं. काकू म्हणाल्या, ‘मशीन आहे, ड्रॉवरमध्ये असतं. त्यात सगळेच आवाज सारखे येतात म्हणतात, म्हणून घालत नाहीत. त्या तळघरानं कान खाल्ले त्यांचे.’ हे त्या पोहे परतता परतता म्हणाल्या, अनेकदा म्हणून झालेलं वाक्य असावं तसं. माझ्या हातात प्लेट देऊन त्या काकांच्या शेजारी बसल्या, आणि मी जे बोलेन ते मोठ्या आवाजात त्यांच्या कानाशी पुन्हा सांगायला लागल्या. आमचं सगळं बोलणं असं काकूंमधून झालं.

‘भाषण बघितलं तुझं,’ काका म्हणाले. ‘दोनदा बघितलं. खाली अक्षरं येतात, ती वाचली. इंग्लिश चांगलं बोलतीस.’

मी हसले.

‘एक कळलं नाही. मधेच कंसात येतं, हशा म्हणून. चार वेळा आलं. लोक हसतात कशाला?’

मी काकूंकडे बघितलं. काकूंनाही ते ऐकायचं होतं असं दिसलं. काकूंना ऐकू येत होतं, म्हणजे त्यांनी ते आवाज ऐकलेले होते. पण त्यांनी काकांना सांगितलेलं नव्हतं.

‘मी आवाज काढते काका,’ मी म्हणाले. ‘पंपांचे.’

‘आवाज काढते म्हणे, पंपांचे,’ काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

‘काढून दाखव.’

त्या हॉलमध्ये, हातात पोह्यांची प्लेट घेऊन, मी ते आवाज काढले. तीनशे लोकांसमोर कधी अडखळले नव्हते, तिथे पहिलाच आवाज दोनदा काढावा लागला. काका माझ्या तोंडाकडे बारकाईनं बघत होते, मशीन बघावं तसे. घोगरा झाला, नाक चोंदलेला झाला, दात खाणारा झाला. शेवटचा घोरणारा काढला तेव्हा त्यांनी हात वर केला.

‘हा कुठला?’

‘घोरणारा.’

‘घोरणारा पंप माझ्या वहीत नव्हता.’

‘नव्हता काका. तो मी घातला. लोक हसतात म्हणून.’

काकूंनी हे सांगायला जरा वेळ घेतला. काकांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, ‘पंप घोरत नाही. घोरण्यापर्यंत गेला तर तो मेलेला असतोय. इंजिनियर माणसं बसली असतील तिथे, त्यांना कळत नाही काय?’

‘इंजिनियर कमी असतात काका. मॅनेजर असतात.’

‘हां,’ ते म्हणाले. मग बोट वर करून, ‘आणि ते, मी आलो आणि तू ऐकलंस. ते तसं नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘तीनदा आलतो मी.’

‘हो काका. तीनदा.’

‘एकदा तू मीटिंगला चाललीवतीस. मग एकदा बघितलंच नाहीस. मग म्हणालीस फॉर्म भरा.’ ते थांबले. ‘फॉर्म भरला मी.’

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी फॉर्म भरा म्हटल्यावर ते निघून गेले आणि विषय तिथे संपला. त्यांनी फॉर्म भरला होता. संध्याकाळी घरी येऊन, मुलाकडून इंग्लिश तपासून घेऊन. काकूंना ते आठवत होतं. ‘मुलगा हसला होता, बाबा पंपाला दम लागलाय असं इंग्लिशमध्ये कसं लिहू म्हणून,’ त्या म्हणाल्या. तो फॉर्म कुठे गेला, कुणी वाचला का, ते कुणालाच माहीत नाही.

‘काका, माझं चुकलं,’ मी म्हणाले.

हे काकूंनी पुन्हा सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्या वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘चुकलं म्हणते.’

काकांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. ‘ते जाऊ दे गं. मी पण माझ्या हाताखालच्या पोरांचं ऐकायचो नाही. पण भाषणात का नाही घातलंस ते विचारतोय.’

‘लोकांना आवडत नाही, काका. त्यांना असं ऐकायला आवडतं की कंपनीनं लगेच ऐकलं.’

‘त्यांना आवडावं म्हणून सांगतीस काय तू?’ ते म्हणाले, रागानं नव्हे, खरंच विचारावं तसं. ‘मला वाटलं शिकवायला जातीस. मॅनेजर माणसं ना ती? मग त्यांना हेच कळायला पाहिजे, की माणूस तीनदा येतोय, फॉर्मपण भरतोय, आणि मग येत नाही. बाकी ते पंपाचं काय, ते मशीन बघून घेईल.’

मग त्यांनी विषय बदलला. टीव्हीवर कुणीतरी जुनी गाडी दुरुस्त करत होतं, तिच्या इंजिनाबद्दल ते मला बराच वेळ सांगत राहिले. मी पोहे संपवले. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘आता कुठे?’

‘अँटवर्पला, काका. दोन आठवड्यांनी.’

‘घाल तिथं,’ ते म्हणाले.

अँटवर्पला मी घातलं. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. विमानात मी जुनं भाषण मनात म्हणून बघत होते, आणि ‘एक दिवस काका माझ्याकडे आले’ या वाक्यापाशी मला एकदम इतका थकवा आला, की ते वाक्य पुन्हा उचलायला नकोसं झालं. एखादी बॅग इतक्या वेळा उचललेली असते की शेवटी हातच पुढे होत नाही, तसं. दुसऱ्या दिवशी स्टेजवर त्या जागी पोचले आणि म्हणाले, ते तीनदा आले. मग पुढचं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. मीटिंग, स्क्रीन, फॉर्म. बंद पडलेला पंप. वहीतलं पान. फॉर्म भरला होता हे मला मागच्या पंधरवड्यात कळलं, हेही सांगितलं. आवाज काढले नाहीत. मागच्या पडद्यावर मात्र चित्रं जुनीच होती, तिथे हसरा चेहरा असलेला पंप येऊन उभा राहिला, आणि मी त्याच्यासमोर हे बोलत होते.

सभागृह गप्प झालं. गप्प बसण्याची जी चांगली तऱ्हा असते, जिच्यासाठी ती शिकवणारी बाई मला श्वास थांबवायला सांगायची, ती नव्हती. लोक फोनकडे बघायला लागले. टाळ्या पडल्या, पण नेहमीच्या जागी नाही, अगदी शेवटी, आणि थोड्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, हे सॉफ्टवेअर जुन्या पंपांवर चालतं का. मी म्हणाले, चालतं. आणखी कुणाचा हात वर नव्हता.

पडद्यामागे आले. आवाजाची यंत्रणा बघणारा पांढऱ्या दाढीचा माणूस माझ्या कॉलरचा माइक काढायला आला. सकाळी त्यानंच तो लावला होता. तार गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, ‘तीनदा? तुमच्याकडे लवकर ऐकतात.’ तेवढंच म्हणून तो माइक घेऊन पुढच्या वक्त्याकडे गेला. मी तिथल्या एका काळ्या पेटीवर बसून राहिले. माझ्या सात वर्षांच्या भाषणांत कुणी मला दिलेलं ते बहुधा सगळ्यात खरं उत्तर होतं, आणि मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी एकही करायला अंगात त्राण नव्हतं.

त्यानंतर आणखी दोन ठिकाणी मी तसंच सांगितलं. तिसऱ्या भाषणानंतर आमच्या बॉसनं मला बोलावलं. ती माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी लहान, कामाला चोख, माझ्याशी नेहमी नीट वागलेली. तिनं ऐकणाऱ्यांनी भरून दिलेले अभिप्राय पुढे ठेवले.

‘पूर्वी ही गोष्ट ऐकून लोकांना बरं वाटायचं,’ ती म्हणाली. ‘आता ती तक्रारीसारखी वाटते.’

‘पण झालं तसंच होतं.’

‘माझा त्यावर विश्वास आहे. पण एका ग्राहकानं मला विचारलं, तुमच्याकडे अजूनही असंच चालतं का. मी काय सांगू त्यांना?’

‘बहुतेक हो, असं सांग,’ मी म्हणाले.

मी भांडायला म्हणाले नव्हते, हे तिला कळलं असावं. तिनं कागद गोळा केले आणि विचारलं, ‘तू दमली आहेस का?’ मी म्हणाले, ‘हो.’ इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला होता, आणि मी पहिल्यांदा उत्तर दिलं होतं.

पुढच्या वर्षीच्या दौऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. आमच्या अल्फारेटाच्या ऑफिसातला एक तरुण जातो आता, तो एआयवर बोलतो, त्याला घोगरा पंप वगैरे काही लागत नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं असंही नाही. स्टेजवर असताना निदान मला बघायला कुणीतरी बसलेलं असायचं. आता मी दिवसभर रिपोर्ट वाचते, आणि मी त्यांवर लिहिलेलं कुणी वाचतं का ते माहीत नाही. काकांच्या त्या जुन्या फॉर्मची मी चौकशी करून बघितली. ती सिस्टिमच बंद केली, म्हणाले, आणि त्यातलं काही नव्या सिस्टिममध्ये आणलेलं नाही. पहिले दोन महिने मी ऑफिसातून आले की झोपायचे. नवरा पडदे ओढून ठेवायचा. त्यानं फ्रिजवरचा कागद एक दिवस काढला आणि टाकून दिला, मला न विचारता. तिथे चौकोनी फिकट डाग राहिलाय.

फेब्रुवारीत काकूंचा पुन्हा फोन आला. त्यांच्या मागच्या अंगणात ग्रेपफ्रूटचं, पपनसासारख्या फळाचं, झाड आहे, इकडे पुष्कळांकडे असतं तसं. ते फळांनी वाकलं होतं, काका शिडीवर चढायला बघत होते, आणि मुलगा बेलव्ह्यूला. ‘तू आणि तुझे मिस्टर याल का?’ त्यांनी विचारलं. नवऱ्याला काम होतं, मी एकटीच गेले. काकूंनी पुढे जाळी लावलेली लांब काठी दिली. काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत उन्हात बसले आणि कुठलं फळ तोडायचं ते बोटानं दाखवायला लागले.

मी त्यांच्याजवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, ‘काका, भाषणं बंद झाली माझी.’

‘घातलंस म्हणून?’

‘हो, तसंच म्हणायचं.’

त्यांनी यावर विचार केला. ‘वाईट झालं की चांगलं?’

‘माहीत नाही,’ मी म्हणाले.

‘ते डावीकडचं तोड,’ ते म्हणाले, ‘ते पिकलंय.’

दोन तास तोडत होते. मान दुखायला लागली, हाताला झाडाचे काटे लागले. काकूंनी ताक दिलं. काका मध्येच खुर्चीत झोपले, तरी मी तोडत राहिले, काठी फांदीत अडकायची, सोडवायची, पुन्हा वर करायची. बऱ्याच दिवसांनी मी काहीतरी करत होते आणि त्याच वेळी दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हते. निघताना काकूंनी दोन मोठ्या पिशव्या भरून दिल्या, नको म्हटलं तरी. हे फळ आमच्या घरी कुणालाच आवडत नाही, कडवट लागतं. सोमवारी मी त्या पिशव्या ऑफिसात नेल्या आणि किचनच्या टेबलावर ठेवल्या. दुपारी कॉफी घ्यायला गेले तेव्हा एक पिशवी संपली होती, आणि दुसरीतली फळं कुणीतरी काढून एका भांड्यात नीट रचून ठेवली होती.